लोहमार्गाची उभारणी आणि करारांची शिस्त

मोठ्या लोहमार्गाच्या उभारणीत अभियंत्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व कराराच्या व्यवस्थेस असते. कोकण रेल्वेच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

या मार्गासाठी १९९० साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्र सरकारबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये भागीदार होती. महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के होता. भांडवलाचा मोठा भाग कर्जरोख्यांतून उभारल्यामुळे विलंब म्हणजे व्याजाचा वाढता बोजा, हे उघड होते.

अशा कामातील पहिला प्रश्न जोखमीचा. रत्नागिरीजवळील करबुडे येथील सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा आणि गोव्यातील मऊ, पाणथळ मातीतील बोगदे यांना एकच दर लावणे योग्य ठरत नाही. भूस्तराची सारी जोखीम कंत्राटदारावर टाकल्यास तो निविदेतच दर फुगवितो, अथवा पुढे काम रखडते. म्हणून भूस्तरांनुसार दर आणि सिमेंट, पोलाद व इंधन यांच्या भाववाढीचे कलम करारातच असणे हिताचे.

दुसरा प्रश्न देयकांचा. झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत वेळेवर झाली, तरच चालू देयक मंजूर होते. ते रखडले की त्याची झळ प्रथम पोटकंत्राटदारास व मजुरास बसते.

तिसरा प्रश्न मुदतवाढीचा. जमिनीचा ताबा किंवा नकाशे उशिरा मिळाल्यास विलंबाचा दंड कंत्राटदाराकडून वसूल करणे न्याय्य नव्हे. मात्र त्यानेही अडचण त्याच वेळी लेखी कळविली पाहिजे. वर्षांनंतर स्मरणावर मांडलेला दावा सहसा टिकत नाही.

तरीही वाद उरल्यास लवादाचा मार्ग असतो. रेल्वे विद्युतीकरणाच्या एका कंत्राटासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. एकाच पक्षाने एकमेव लवाद नेमणे, अथवा सार्वजनिक संस्थेने स्वतःच तयार केलेल्या यादीतून निवड करण्याची दुसऱ्या पक्षावर सक्ती करणे, हे समान वागणुकीच्या तत्त्वाशी विसंगत ठरविण्यात आले.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. अशा प्रकल्पांत खर्ची पडणारा पैसा जनतेचा असतो. स्पष्ट करार, चोख नोंदी व वेळेवर देयके हेच त्याचे खरे रक्षण होय.