कमरेची कैफियत, सुईची सनद

सकाळी नऊच्या सुमारास मुंबईतील मरोळ नाक्यावर, जेथे वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचा उन्नत मार्ग आणि भूगर्भातून धावणारी नवी मेट्रो एकमेकींस भेटतात, तेथील जिन्यापाशी थोडा वेळ उभे राहिले तर एक हात कठड्यावर आणि दुसरा कमरेवर ठेवून पायरीपायरीने चढणारी माणसे दृष्टीस पडल्यावाचून राहत नाहीत. साष्टी बेटातील हे एके काळचे भातशेतीचे मौजे; चिखलात वाकून लावणी करणाऱ्यांच्या कमरा तेव्हाही दुखतच असतील. पुढे औद्योगिक वसाहत आली, १९७३ साली सीप्झ या निर्यात-क्षेत्राची स्थापना झाली, आणि वाकलेल्या कमरेची जागा यंत्रापुढे किंवा संगणकापुढे दहा-दहा तास खिळलेल्या कमरेने घेतली. २०२० साली जगात कंबरदुखीने ग्रासलेल्यांची संख्या सुमारे ६१ कोटी ९० लाख होती असा अंदाज आहे, आणि माणसाला कामातून उठवणाऱ्या व्याधींत तिचा क्रमांक पहिला लागतो.

आरंभी ‘उसण भरली’ असते. मग शेक, मलम आणि पट्टा होतो. तीन महिने उलटले की एमआरआयचा लिफाफा हाती येतो, आणि ‘मणक्यात गॅप आली’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ हे निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही तोंडी बसते. अलीकडे या क्रमात एका नव्या तजविजीची भर पडली आहे : झिजलेल्या ऊतीला पुन्हा घडण्याची प्रेरणा देणारे इंजेक्शन. तुमच्याच रक्तातून, तुमच्याच पेशींतून, शस्त्रक्रियेवाचून पाठ पूर्ववत होईल, असे आश्वासन त्यासोबत पुष्कळदा दिले जाते. या उपचाराची नीट तहकीकात होणे मला अगत्याचे वाटते. कारण त्यामागील कल्पना थोतांड नाही, आणि तिच्या नावाने जे जे विकले जाते ते सारे सिद्धही नाही.

शरीरास जखम झाली की तेथे दाह उत्पन्न होतो, दाहाच्या पाठोपाठ दुरुस्ती करणाऱ्या पेशी जमतात, त्या पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू विणतात आणि जखम सांधते. तेव्हा जी दुरुस्ती अर्धवट राहून गेली ती पुन्हा सुरू करावयाची असेल तर तेथे मुद्दाम अल्पसा दाह उत्पन्न करावा, हा या उपचाराचा मूळ तर्क. सुश्रुतसंहितेत सांधे, स्नायू आणि अस्थी यांतील तीव्र वेदनांवर अग्निकर्म सांगितले आहे, आणि दुखऱ्या जागी डाग देण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांना परिचितच होती. त्या काळी ऊतींचे हे शास्त्र कोणास ठाऊक होते असे मी म्हणत नाही. परंतु दुखण्यावर दाहाचा उतारा शोधण्याची बुद्धी जुनी आहे खरी. अमेरिकेतील ओहायो राज्याचे शल्यविशारद जॉर्ज हॅकेट यांनी या तर्काला आधुनिक रूप दिले. जुनाट कंबरदुखीचे मूळ पुष्कळदा मणक्यांना व कटीच्या हाडांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांच्या शिथिलतेत असते असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि त्या अस्थिबंधांच्या मुळाशी क्षोभक द्रव टोचण्याच्या पद्धतीला त्यांनी प्रोलोथेरपी हे नाव दिले. १९५६ साली त्यांचा त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज त्यासाठी बहुधा ग्लुकोजचे दाट द्रावण वापरतात. अशक्त रुग्णाला शिरेतून देतात ते ग्लुकोज सामान्यतः ५ टक्क्यांचे. हे १२ ते २५ टक्क्यांचे असते.

ऑस्ट्रेलियात ११० रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना या ग्लुकोजचे आणि काहींना नुसत्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन दिले गेले. वर्षभराने ज्यांची वेदना निम्म्याहून अधिक उतरली असे रुग्ण पहिल्या गटात ४६ टक्के निघाले आणि दुसऱ्यात ३६ टक्के. हा फरक योगायोगाच्या कक्षेबाहेरचा मानण्याइतका मोठा नव्हता. मला या प्रयोगातील ती ३६ टक्के माणसे विशेष विचारार्ह वाटतात. त्यांचे दुखणे खोटे नव्हते आणि त्यांचा आरामही खोटा नव्हता. सुईची टोच, वैद्याने दिलेला वेळ, सोबतीचा व्यायाम आणि कंबरदुखीचा स्वतःचा चढउताराचा स्वभाव, एवढ्यांनी मिळून तो आराम दिला असणे शक्य आहे. म्हणूनच ‘मला गुण आला’ ही प्रामाणिक साक्षही औषधाच्या बाजूने पुरेसा पुरावा ठरत नाही.

दुसरा प्रकार प्लेटलेटचा. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घरोघरी प्लेटलेटचे आकडे तोंडपाठ होतात. प्रकृतिस्थ माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख असणाऱ्या या कणिका केवळ रक्त गोठवण्यास साह्य करीत नाहीत, तर पेशींना वाढीचा संकेत देणारी प्रथिनेही सोडतात. रुग्णाच्या दंडातून रक्त घ्यावे, यंत्रात वेगाने फिरवून त्याचे थर वेगळे करावेत, आणि प्लेटलेटने समृद्ध झालेला पिवळसर द्रव दुखऱ्या जागी टोचावा, अशी ही पीआरपीची कृती. द्रव रुग्णाचाच असल्याने ॲलर्जीची धास्ती अल्प, हा तिचा खरा गुण. परंतु एका दवाखान्यातील पीआरपी आणि दुसऱ्यातील पीआरपी यांत प्लेटलेटचे व पांढऱ्या पेशींचे प्रमाण सारखे असेलच असे नाही, आणि ज्याची मात्राच निश्चित नाही त्याच्या यशापयशाचा जमाखर्च मांडणे दुर्घट होते.

मोठी अडचण तर खुद्द गादीच्या घडणीत आहे. दोन मणक्यांमधील ही गादी म्हणजे बाहेर तंतूंची एकावर एक चढलेली वेष्टने आणि आत पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत गाभा. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्यांवाचून जगणारी एवढी मोठी दुसरी रचना नाही. कमरेच्या गादीच्या मध्यभागातील पेशीपासून सर्वांत जवळची रक्तवाहिनी आठ मिलिमीटरपर्यंत दूर असू शकते. जुन्या गावठाणातील ज्या अरुंद बोळात टँकर शिरत नाही, तेथल्या शेवटच्या घरी पाणी जसे हंड्याहंड्याने पोचते, तसे येथे प्राणवायू आणि साखर मणक्याला लागून असलेल्या कूर्चेच्या पातळ पडद्यातून झिरपत गाभ्यापर्यंत जातात. वयपरत्वे हा पडदा बिघडू लागतो, झिरपणे मंदावते, गाभा आम्लधर्मी आणि प्राणवायूला पारखा होतो. अशा जागी पेशींना वाढीचा संकेत देणे म्हणजे दुष्काळी मुलखात बियाणे वाटणे होय. बियाणे अव्वल असले तरी पाण्याची तरतूद झालेली नसते. शिवाय गादीला भोक पडते ते वेगळेच : निदानाच्या पद्धतीने गादीत सुई घातलेल्या माणसांची दहा वर्षांनी तपासणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांच्या गाद्यांची झीज इतरांहून अधिक वेगाने झाल्याचे आढळले. उलट, २०१६ साली ४७ रुग्णांवरील एका अमेरिकन चाचणीत गादीत पीआरपी टोचलेल्यांना आठ आठवड्यांनी अधिक आराम पडला, हेही नमूद केले पाहिजे. तो आशेचा अंकुर आहे. पण ४७ माणसांच्या बळावर सार्वत्रिक उपचाराची सनद देता येत नाही.

तिसरा प्रकार मूलपेशींचा; त्यांच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. ४०४ रुग्णांवरील अमेरिका व ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीला आधी ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे, रक्ताच्या विकारांसाठी होणारे रूढ प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीच्या चौकटीतच ठेवण्यास सांगतात. आणि प्रयोगात सहभागी होणाऱ्याने प्रयोगाचा खर्च सोसावा अशी अपेक्षा नसते. पाठीच्या गादीसाठी मूलपेशींचे इंजेक्शन मोल घेऊन देणाऱ्यास मंजुरीचा दस्तऐवज दाखवा असे म्हणण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे, आणि तो त्याने संकोच न करता बजावावा.

सुईच्या आधीचा प्रश्न मात्र निराळाच आहे : दुखते ते नेमके कोठून? पाठ मुळीच न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या चित्रांचा एकत्र विचार २०१५ साली झाला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या गाद्यांत झिजेच्या खुणा सापडल्या. चित्रातील ‘गॅप’ ही पुष्कळदा पिकल्या केसांसारखी असते. वेदना सांध्यातून वा स्नायूंतून येत असताना गादीत सुई गेली, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. पायातील शक्ती जाणे, बैठकीची जागा बधिर होणे, लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काही घडले तर मात्र कोणत्याही सुईचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो.

उरला हालचालीचा उपाय. हाजी अलीजवळ भौतिकोपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून उभी आहे. कमरेला हालचाल शिकवण्याचे शास्त्र या शहरास नवे नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांपैकी काहींना क्रमाक्रमाने चालणे वाढवण्याचे मार्गदर्शन मिळाले, इतरांना नाही; दुखणे उलटण्यास पहिल्यांना मध्यमानाने २०८ दिवस लागले, दुसऱ्यांना ११२. गादीवर दिवसभर भार पडतो तसतसे तिच्यातील पाणी पिळून बाहेर जाते, आणि रात्री माणूस आडवा झाला की ती ते परत शोषून घेते. म्हणून मरोळ-मरोशी रस्त्याने भल्या पहाटे आरेच्या झाडीकडे चालू लागलेला मनुष्य आदल्या संध्याकाळी मेट्रोच्या जिन्यावर होता त्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो.