सोलापूरचा ‘बे’

सोलापुरात दोन मित्र भेटले की पहिला शब्द येतो : ‘काय बे!’ बाहेरच्याला तो उर्मट वाटतो. हिंदीतल्या ‘अबे’चा हा सख्खा भाऊ, पण इथं त्याची धार बोथट झाली आहे. ‘चल बे’ म्हणजे आग्रह, ‘नाही बे’ म्हणजे समजूत, आणि लांबवलेला ‘का बेऽऽ’ म्हणजे लटकी तक्रार. अर्थ सुरात असतो. ‘बे’ बरोबरीच्याला किंवा धाकट्याला चालतो. वडीलधाऱ्यांना कधीच नाही. (नागपूरकरही ‘बे’ म्हणतात, पण त्यांचा ठसका वेगळा.)

खरा गोंधळ क्रियापदात होतो. ‘मी जेवायलोय’ म्हणजे ‘मी जेवतोय’. ‘काय करायलास?’ म्हणजे ‘काय करतोयस?’ पुणेकराला यात ‘करायला’, म्हणजे हेतू, ऐकू येतो. सोलापूरकर चालू काम सांगत असतो. लातूर-धाराशिवकडेही हीच रूपं आहेत.

मराठीच्या जोडीला या शहरात कन्नड, विणकरांच्या घरची तेलुगू आणि दख्खनी उर्दू रोज बोलली जाते. अशा ठिकाणची बोली अशुद्ध नसते, तिचे नियम वेगळे असतात. तेव्हा सोलापुरात कुणी ‘बे’ म्हटलं, तर रागावू नका. त्यानं तुम्हाला आपलं मानलं आहे.