व्यसनात मेंदूचं नेमकं काय होतं? हे शोधायला पैसे कोण देतं आणि ते मिळवायचे कसे?

सहा महिने हेरॉईनला हात न लावलेला माणूस एक दिवस जुन्या अड्ड्यावरून जातो आणि पुन्हा सुरू होतो. घरचे म्हणतात, "मनच खंबीर नाही." मेंदूचा अभ्यास करणारा माणूस मात्र विचारतो, तो अड्डा दिसला तेव्हा याच्या मेंदूत नेमकं काय झालं?

प्रश्न चांगला आहे. पण त्याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागते, उंदीर लागतात, महागडी यंत्रं लागतात आणि चार-पाच वर्षांचे पगार लागतात. मग हा पैसा येतो कुठून?

आधी एक जुना किस्सा

जून १९७१. व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक हेरॉईनच्या आहारी जात असल्याच्या बातम्या येत होत्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ड्रग्जला देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं आणि व्यसनावरच्या संशोधनासाठी सरकारी तिजोरी उघडली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेलाही त्यातला पैसा मिळाला.

त्यांचा प्रश्न एका ओळीचा होता. अफू, मॉर्फिन, हेरॉईन ही किल्ली असेल, तर मेंदूत तिचं कुलूप आहे का?

त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी कँडेस पर्ट हिने उंदराच्या मेंदूच्या पेशींवर किरणोत्सारी नॅलॉक्सोन वापरलं. नॅलॉक्सोन कुलपात बसतं, पण कुलूप उघडत नाही. ते कुठे चिकटतं हे मोजता आलं आणि कुलूप सापडलं. मार्च १९७३ मध्ये हे संशोधन 'सायन्स'मध्ये छापून आलं.

हेच नॅलॉक्सोन आज ओव्हरडोस झालेल्या माणसाच्या नाकात फवारतात. ते हेरॉईनला कुलपातून बाजूला सारतं आणि थांबत आलेला श्वास परत सुरू होतो. २०२३ पासून अमेरिकेत हा स्प्रे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो.

लक्षात घ्या, प्रयोगाचा प्रश्न "कुलूप आहे की नाही?" एवढाच होता. व्यसन संपवून दाखवतो, असा दावा त्यात नव्हता.

आज अर्ज कुठे करतात?

या विषयाला पैसा देणारी मोठी संस्था म्हणजे अमेरिकेची 'नायडा'. १९७४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आता 'एनआयएच' या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा भाग आहे. गंमत म्हणजे दारूवर काम करायचं असेल तर दार वेगळं. त्यासाठी 'एनआयएएए' नावाची स्वतंत्र संस्था आहे. चुकीच्या दारात गेलात तर पहिला धडा तिथेच मिळतो.

अर्जात काय लिहायचं?

सगळ्यात प्रचलित अनुदान म्हणजे 'आर-झिरो-वन'. ते जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी असतं. संशोधनाची उद्दिष्टं एका पानात आणि सगळा आराखडा बारा पानांत बसवावा लागतो.

अड्ड्याचंच उदाहरण घेऊ. "व्यसन पुन्हा का लागतं याचा अभ्यास करू," असं लिहिलं तर अर्ज बाद. लिहावं लागतं ते असं: उंदीर कळ दाबतो, दिवा लागतो, हेरॉईनचा डोस मिळतो. मग महिनाभर डोस बंद. त्यानंतर नुसता दिवा लावला तरी उंदीर कळ दाबत सुटतो. आमचा अंदाज असा की, मेंदूच्या अमुक भागातल्या अमुक पेशी हे घडवतात. त्या पेशी तात्पुरत्या बंद करू. तरीही उंदीर कळ दाबत राहिला, तर आमचा अंदाज चुकला.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. शिवाय नर आणि मादी दोन्ही का घेतले नाहीत, प्राण्यांबाबतच्या नैतिकता समितीची मंजुरी कशी घेणार, हेरॉईन कायदेशीरपणे कुठून आणणार आणि कुठे ठेवणार, याचीही उत्तरं लागतात.

निवड कोण करतं?

निवड त्याच विषयातले शास्त्रज्ञ करतात. ते १ ते ९ गुण देतात. इथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ९ म्हणजे सर्वात वाईट. मागे पडलेले साधारण निम्मे अर्ज चर्चेलाही येत नाहीत. त्यातून तरलेले अर्ज सल्लागार मंडळासमोर जातात. अर्ज भरल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत नऊ-दहा महिने सहज जातात. एनआयएचमध्ये बरीच वर्षं साधारण पाचातल्या एकाच अर्जाला पैसे मिळत आले आहेत. नाकारला तर परीक्षकांचे शेरे वाचून एकदा सुधारित अर्ज करता येतो आणि अनेकांचं काम त्या दुसऱ्या खेपेला होतं.

आणि भारतात?

आपल्याकडे आयसीएमआर आणि 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'सारख्या संस्था संशोधनाला पैसा देतात. मनुष्यबळही आहे. गाझियाबादला एम्सचं व्यसनोपचार केंद्र आहे, बंगळुरूला निम्हान्स आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना समितीची मान्यता लागते आणि अंमली पदार्थ हाताळायचे तर १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवानगी लागते. ही परवानगी अर्ज मंजूर झाल्यावर मागायला गेलात तर अनुदानाचे महिने कागदपत्रांतच सरतात.

गरज किती आहे? एम्सच्या याच केंद्राने केलेला देशव्यापी सर्वे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २.२६ कोटी भारतीय अफूवर्गीय पदार्थ घेतात आणि त्यातल्या जवळपास ७७ लाख लोकांना मदतीची गरज आहे.

या विषयात शिरायचा विचार करत असाल तर अर्ज उघडण्याआधी एका कागदावर दोन ओळी लिहा. माझा प्रश्न काय आहे? आणि काय दिसलं तर मी चुकलो असं मान्य करेन? दुसरी ओळ लिहिता येत नसेल, तर अर्जाला अजून वेळ आहे.