औषधाचा नेम आणि शेजारधर्म

सेवाग्रामच्या आश्रमांत बापूंच्या कुटीपासून थोड्याच अंतरावर एक लहानशी झोपडी आहे. तिला परचुरे कुटी म्हणतात. दत्तात्रेय परचुरेशास्त्री हे संस्कृताचे व्युत्पन्न पंडित. येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींचा सहवास त्यांस लाभला होता. पुढें महारोगानें त्यांना गांठलें, आणि १९३९ सालीं ते सेवाग्रामास आले. ज्या काळीं या रोगाच्या नुसत्या नांवानें सख्खे आप्त दार लावून घेत, त्या काळीं गांधीजींनीं त्यांस आपल्याजवळ जागा दिली व स्वहस्तें त्यांच्या अंगाला मालीश केली. त्यापूर्वींच, १९३६ सालीं, विनोबांच्या प्रेरणेनें मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें महारोग्यांच्या सेवेचें कार्य आरंभिलें होतें.

हा इतिहास मीं वर्गांत अनेक वर्षें मोठ्या अभिमानानें शिकविला. परंतु शिकविणें निराळें आणि आचरणें निराळें, याचा प्रत्यय मला २०२० च्या एप्रिलांत आला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती, एस.टी. बंद, रस्त्यावर पोलीस. एके दुपारीं जिल्ह्यांतील एका गांवाहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. चार वाक्यें इकडचीं तिकडचीं झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, मला एचआयव्हीची लागण आहे. चार दिवसांच्या गोळ्या उरल्या आहेत. केंद्रावरून आणून देणारें कोणी आहे का?"

मीं "पाहतों" म्हणून फोन ठेवला. संचारबंदीची अडचण होती हें खरें. पण माझें पाऊल अडलें तें तिच्यामुळें नव्हे. ओळखीचें कोणी त्या केंद्राच्या दारांत मला पाहील आणि घरीं प्रश्न होतील, ही ती अडचण होती. त्या संकोचांत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशीं मीं फोन केला तेव्हां तो म्हणाला, "आल्या गोळ्या, गुरुजी. आमच्यांतल्याच एक ताई दुचाकीवरून घेऊन आल्या." त्या बाईंना स्वतःलाही तोच आजार होता. परवाना मिळवून त्या गांवोगांव फिरत होत्या.

गोळ्यांचा एवढा आग्रह कां, हें समजून घेणें अवश्य आहे. हें औषध विषाणूचा समूळ नाश करीत नाहीं. त्याची वाढ रोखून धरतें. गोळी रोज घेतली तर विषाणू दबून राहतो, रोग्याची प्रतिकारशक्ति सुधारते, आणि रक्तांतील विषाणू तपासणींत न सांपडण्याइतका कमी झाला म्हणजे शरीरसंबंधांतूनही तो दुसऱ्याकडे जात नाहीं. गरोदर स्त्रीनें उपचार नीट चालविले तर बालकही बहुधा निरोगी जन्मतें. उलट खंड पडला कीं विषाणू पुन्हां डोकें वर काढतो, आणि वारंवार खंड पडल्यास त्या औषधास दाद देईनासा होतो. म्हणून पूर असो, दंगल असो वा साथ असो, या रोग्यांच्या बाबतींत अन्नपाण्याच्या बरोबरीनें औषधाची चिंता करावी लागते.

सरकारनें १ एप्रिल २००४ पासून हें औषध विनामूल्य देण्यास आरंभ केला. टाळेबंदींत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनें एकदम अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याची सूचना केली, ती योग्यच होती. परंतु आज्ञापत्र कांहीं चालत घरीं जात नाहीं. तें काम 'विहान' या कार्यक्रमाच्या आधार केंद्रांनीं आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघांनीं केलें. गोळी संपत आलेला मनुष्य कोठें राहतो, कोणत्या नांवानें हांक मारली असतां शेजाऱ्यांस संशय येणार नाहीं, हें त्यांनाच ठाऊक होतें. सांगलीची 'संग्राम' संस्था १९९२ पासून याच तत्त्वावर चालली आहे. ज्या स्त्रियांकडे आपला समाज नजर उचलून पाहत नाहीं, त्यांनींच तेथें एकमेकींस रोगापासून वांचण्याचें शिक्षण दिलें. ज्याचें दुःख त्याच्या हातीं उपायाचें सूत्र असावें, हाच त्याचा अर्थ.

मग आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांचें कर्तव्य काय? पहिलें म्हणजे ज्ञान. एका पंगतींत जेवल्यानें, एका तांब्यानें पाणी प्यायल्यानें, लेंकराला कडेवर घेतल्यानें किंवा डांस चावल्यानें हा रोग होत नाहीं. दुसरें मौन. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत असलेल्या २०१७ च्या कायद्यानें रोग्याशीं भेदभाव करण्यास मनाई केली आहे, आणि त्याची गोष्ट त्याच्या संमतीवांचून फोडण्यासही. तिसरें साहाय्य: आपल्या घरीं धुणींभांडीं करणारी बाई किंवा शेतावरचा गडी महिन्यांतून एक दिवस 'दवाखान्यांत जायचें' म्हणून रजा मागेल, तेव्हां कारण न विचारतां ती द्यावी. आणि कोणी आपण होऊन मदत मागितलीच, तर 'पाहतों' म्हणून फोन ठेवूं नये.

तो विद्यार्थी आज बरा आहे, शेती करतो. गेल्या दिवाळींत तो घरीं आला. सुनेनें फराळाचें ताट पुढें केलें, आणि आम्ही दोघे ओटीवर शेजारीं बसून जेवलों. परचुरे कुटीचा धडा मीं इतरांना पुष्कळदां दिला होता. मला तो शिकविला तो मात्र दुचाकीवरून आलेल्या त्या ताईंनीं, ज्यांना मीं अजून पाहिलेलेंही नाहीं.