घाममाशी : नाव आणि वर्गीकरण

सिन्नरच्या कोरडवाहू पट्ट्यात बियाण्यासाठी लावलेले कांद्याचे डोंगळे फुलले की त्यांवर मधमाश्यांच्या जोडीने काही इवल्या घाममाश्याही येतात. घामातील क्षारांसाठी त्या माणसाच्या अंगावर बसतात, म्हणून हे नाव. पुष्कळ लोक त्यांना चिलटे समजून झटकून टाकतात. वस्तुतः त्या मधमाश्यांच्या आप्त आहेत.

यांचे कुल हॅलिक्टिडी. थॉमसन यांनी १८६९ मध्ये ते स्थापिले. त्यात चार हजारांहून अधिक जाती असून रोफायटिनी, नोमिइनी, नोमिऑइडिनी आणि हॅलिक्टिनी ही चार उपकुले मानतात. पुढच्या पंखातील ठळकपणे वाकलेली मूलशीर ही बहुतेकींची खूण.

भारतात आढळणाऱ्या एका जातीचा नामेतिहास विशेष उद्बोधक आहे. हिरवट धातुचमक असलेल्या या माशीचे वर्णन ब्रिटिश म्युझियमच्या फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५३ च्या सूचीत केले आणि तिला ‘हॅलिक्टस ल्युसिडिपेनिस’, म्हणजे चमकत्या पंखांची, असे नाव दिले. पुढे मोराविट्स यांनी मध्य आशियातील नमुन्यांवरून १८७६ मध्ये तिलाच ‘व्हॅरिपेस’ म्हटले. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या जातीला वेगवेगळ्या देशांतील अभ्यासकांनी वेगवेगळी नावे द्यावीत, हे स्वाभाविकच होते. अशा वेळी अग्रक्रमाचा नियम लागू होतो : आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य, नंतरची समानार्थी. म्हणून स्मिथ यांचे नाव टिकले. प्रजातीविषयी मात्र आजही एकमत नाही. रॉबर्टसन यांनी १९१८ मध्ये स्थापिलेली ‘सेलॅडोनिया’ काहींच्या मते उपप्रजाती, तर काहींच्या मते स्वतंत्र प्रजाती आहे. दुसरे मत स्वीकारणारे स्मिथ यांचे नाव कंसात लिहितात. प्रजाती बदलल्याची नोंद त्या कंसातच असते. इतकी काटेकोर शिस्त मला आदरणीय वाटते.

भारतातील अशा विखुरलेल्या वर्णनांची पद्धतशीर मांडणी बिंगहॅम यांनी १८९७ च्या ग्रंथात केली.

आता पुन्हा डोंगळ्यांकडे वळू. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसराग्र मागाहून. त्यामुळे बी धरण्यासाठी पराग एका फुलातून दुसऱ्यात नेणारे, घाममाश्यांसारखे कीटक लागतात. बहुतेक घाममाश्या जमिनीत बिळे करतात आणि अंड्यांच्या कोठड्यांना पाणी न झिरपणारे अस्तर लावतात. नांगरटीत ही घरटी मोडतात. बांधावरची मोकळी, न खणलेली माती त्यांना लागते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लसूणघासाच्या बियाण्यासाठी ‘नोमिया मेलँडेरी’ या घाममाशीकरिता शेतकरी ओलसर, क्षारयुक्त मातीचे खास वाफे राखतात. आपल्याकडील जातींना कोणती माती मानवते, याची पाहणी सिन्नरसारख्या कांद्याच्या मुलखात व्हायला हवी.