हलत्या यकृताचा नकाशा

मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरू लागला, की त्याचा पहिला मुक्काम बहुधा यकृतात पडतो. आतड्यांतून निघणारे रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेवाटे थेट यकृताकडेच जात असल्याने हे ओघानेच येते. अशा रुग्णांपैकी अनेकांना शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिली जाते. कधी कधी तिचा गुण इतका चांगला येतो, की नव्या सीटी स्कॅनमध्ये यकृतातली एखादी गाठ दिसेनाशीच होते. नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. शल्यचिकित्सकाची चिंता मात्र इथूनच सुरू होते. फ्रान्समधील शल्यचिकित्सकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, स्कॅनमधून अशा प्रकारे नाहीशा झालेल्या ६६ गाठींपैकी ५५ ठिकाणी कर्करोग शिल्लक होता किंवा पुढे तिथेच उलटला. म्हणजे गाठ डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि तरीही ती जागा सोडून देणे धोक्याचे. ती जागा नेमकी कोणती, याचा पुरावा एकच उरतो : केमोथेरपीपूर्वीचे जुने चित्र.

हे जुने चित्र आजच्या यकृतावर अचूक बसवण्याच्या शास्त्राला 'इमेज रजिस्ट्रेशन', अर्थात प्रतिमांची जुळणी म्हणतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेत ती त्या मानाने सोपी असते, कारण कवटीचे हाड जागचे हलत नाही. यकृताचे तसे नाही. सुमारे दीड किलो वजनाचा हा मऊ अवयव श्वासपटलाखाली असतो आणि प्रत्येक श्वासागणिक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वरखाली सरकतो. स्कॅन काढताना रुग्णाने श्वास रोखलेला असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी यकृताला धरून ठेवणारे बंध कापले जातात, ते उचलून फिरवले जाते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया असेल तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरल्यामुळे त्याचा आकारही बदलतो. नकाशा कागदावर आणि गाव पाण्यावर, अशी ही गत.

जुळणीची पहिली पायरी शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी, संगणकावर होते. सीटी आणि एमआरआय यांत एकच यकृत अगदी वेगळ्या छटांत उमटते. एकात उजळ दिसणारा भाग दुसऱ्यात काळा असू शकतो. मग दोन्हींची तुलना करायची कशी? १९९०च्या दशकात संशोधकांनी यासाठी क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या माहिती सिद्धांताचा आधार घेतला. दोन्ही चित्रांतील छटा सारख्या आहेत का, हे संगणक पाहतच नाही. एका चित्रातील छटेवरून दुसऱ्यातील छटेचा अंदाज कितपत बांधता येतो, एवढेच तो तपासतो आणि हा अंदाज सर्वांत पक्का होईपर्यंत एक चित्र दुसऱ्यावर सरकवत राहतो. टेलिफोनच्या तारांसाठी मांडलेले गणित इथे रुग्णाच्या उपयोगी पडले.

यकृताच्या एकसारख्या दिसणाऱ्या मांसात खूण म्हणून धरण्याजोगे काही असेल, तर ते रक्तवाहिन्यांचे फाटे. क्लॉड क्विनो या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९५७ मध्ये याच फाट्यांच्या आधारे यकृताचे आठ भाग पाडले आणि ती विभागणी आजही जगभर प्रमाण मानली जाते. जर्मनीतील ब्रेमेन येथे 'मेव्हिस' ही संस्था १९९५ मध्ये स्थापन करणारे हाइन्झ-ओटो पाइटगेन हे मूळचे फ्रॅक्टल भूमितीत रमणारे गणिती. तिथे वाहिन्यांच्या या वृक्षाचे त्रिमितीय प्रारूप तयार करून, अमुक फांदी तोडली तर यकृताचा किती भाग रक्ताविना राहील, याचा हिशेब मांडला जाऊ लागला. हा हिशेब जीवनमरणाचा आहे. निरोगी यकृताचा साधारण पाव हिस्सा मागे राहिला तरी रुग्ण तरतो. सिऱ्हॉसिस झालेल्यांसाठी सुमारे ४० टक्के राखावे लागते. यकृत प्रत्यारोपण बहुतांशी जिवंत दात्यांच्या भरवशावर चालणाऱ्या भारतासारख्या देशात तर या आकडेमोडीशी दोन जीव बांधलेले असतात.

खरी कसोटी लागते ती शस्त्रक्रियागृहात. लेझर किंवा कॅमेऱ्याने उघड्या यकृताच्या पृष्ठभागावरचे हजारो बिंदू टिपले जातात. प्रत्येक बिंदूला प्रारूपावरचा सर्वांत जवळचा बिंदू जोडीदार म्हणून द्यायचा, प्रारूप थोडे सरकवायचे, पुन्हा नव्या जोड्या लावायच्या, अशी ही रीत बेस्ल आणि मॅके यांनी १९९२ मध्ये मांडली. पण यकृताचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत, की प्रारूप भलत्याच जागी ऐटीत बसू शकते. म्हणून अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी यकृताच्या कडा आणि त्यावरील बंधाची खाच अशा ठळक खुणांना अधिक वजन दिले. उरलेला वाकडेपणा, पुलाच्या तुळया कशा वाकतील हे स्थापत्य अभियंते ज्या गणिताने काढतात, त्याच गणिताने भरून काढला जातो.

इथे सावधगिरी हवी. पडद्यावर जुळणीतील चूक मोजकीच मिलिमीटर दिसली, की भरवसा वाटू लागतो. परंतु तो आकडा पृष्ठभागाचा असतो. चार-पाच सेंटिमीटर खोलवरची गाठ त्याच अचूकतेने दाखवली जात असेलच असे नाही. रंगीत चित्राची भुरळ पडण्याचा धोका या तंत्रात मोठाच आहे. त्यामुळे अनुभवी शल्यचिकित्सक सोनोग्राफीचा प्रोब थेट यकृतावर टेकवून रक्तवाहिन्यांचे फाटे स्वतः पडताळून पाहतात आणि मगच कापतात.

आणि जिथे गाठ नाहीशी होण्याची शक्यता आधीच दिसते, तिथे काही केंद्रांत याहून साधा उपाय योजतात : केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी सुईवाटे गाठीशेजारी धातूची बारीकशी खूण ठेवून देतात. यकृत हलले, की तीही त्याच्याबरोबर हलते.