हृदयातले भोक

‘अमक्याच्या हृदयाला जन्मतःच भोक आहे’ असे कानावर आले की आपल्या छातीत धस्स होते. फुटक्या घागरीसारखे त्यातून रक्त गळत असेल, असे चित्र डोळ्यांपुढे येते. पण तसे मुळीच नसते. हे भोक हृदयाच्या बाहेरच्या भिंतीला नसून आतल्या पडद्याला असते. आणि गंमत अशी की, जन्मापूर्वी असे एक भोक तुमच्याही हृदयात होते!

हृदयाचे चार कप्पे तुम्हाला ठाऊकच आहेत. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. मधला पडदा उजवी व डावी बाजू अलग ठेवतो. उजवी बाजू ऑक्सिजन कमी असलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवते. डावी बाजू ऑक्सिजनयुक्त रक्त साऱ्या शरीराला पुरवते.

गर्भात मात्र फुप्फुसांना काम नसते. ऑक्सिजन आईच्या रक्तातून वारेमार्फत मिळतो. म्हणून दोन कर्णिकांच्या मधल्या पडद्यात झडप असलेले एक भोक असते. त्यातून बरेचसे रक्त फुप्फुसे टाळून थेट डावीकडे जाते. बाळाने पहिला श्वास घेतला की फुप्फुसे फुलतात, तेथून भरपूर रक्त डाव्या कर्णिकेत येते आणि त्याच्या दाबाने झडप मिटते. पुढे ती बहुधा कायमची चिकटते. सुमारे चौघांपैकी एकात ती पुरती चिकटत नाही. तरी सहसा त्रास होत नाही.

पण गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत पडदा तयार होतानाच अपुरा राहिला, तर खरे भोक उरते. ते कर्णिकांमध्ये असते किंवा जवनिकांमध्ये.

आता विचार करा, या भोकातून रक्त कोणत्या बाजूला जाईल? डाव्या जवनिकेतील दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत चढतो, उजवीतील सुमारे २५ पर्यंत. तेव्हा रक्त डावीकडून उजवीकडे जाते. फुप्फुसांतून नुकतेच आलेले रक्त पुन्हा फुप्फुसांतच! म्हणून असे बाळ सुरुवातीला निळे दिसत नाही. भोक मोठे असेल तर ते दूध पिताना दमते, घामाघूम होते, त्याचे वजन वाढत नाही.

छोटे भोक पुष्कळदा जास्त आवाज करते. नळाच्या तोंडावर बोट दाबले की धार कशी जोराने सुटते, तसेच हे! जवनिकांमधली अशी छोटी भोके बरेचदा आपोआप बुजतात. मोठ्या भोकाकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. वर्षानुवर्षे जादा रक्त वाहून फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड होतात, उजवीकडचा दाब वाढतो आणि प्रवाह उलटतो. मग ओठ व नखे निळी पडतात. त्या अवस्थेत भोक बुजवणेच धोक्याचे ठरते. म्हणून वेळेला फार महत्त्व आहे.

२ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड केले, सुमारे साडेपाच मिनिटे रक्तप्रवाह थांबवला आणि उघड्या हृदयातले भोक शिवले. पुढच्याच वर्षी डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने असेच भोक बंद केले. आज काही भोके तर छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी नेऊन छत्रीसारख्या चकतीने बुजवता येतात.

हा दोष ग्रहण पाहिल्याने होत नाही. गरोदरपणाच्या आरंभी आईला झालेला रुबेला, गुणसूत्रांतील दोष ही काही कारणे आहेत; पुष्कळदा कारण सापडतच नाही. तेव्हा आईला दोष देऊ नये.

दर हजार नवजात बाळांपैकी सुमारे आठ-नऊ जणांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. तुमच्या वर्गातला कोणी थोडे धावताच धापा टाकत असेल, तर त्याला आळशी म्हणून चिडवू नका, शिक्षकांना सांगा. शाळेच्या आरोग्य तपासणीत डॉक्टर छातीला नळी लावतात, ते याच आवाजांसाठीही. त्या दिवशी शाळा चुकवू नका!